मदत हवी आहे: हॅलो ब्रेस लावलेल्या बाबांना रात्री झोप कशी लागेल?

नमस्कार. मानेचं हाड मोडल्यामुळे बाबांना हॅलो ब्रेस लावलाय. कवटीला ४ पिना, त्यांना धरून ठेवणारं कडं आणि छातीवर घट्ट जाकीट. डॉक्टरांनी १२ आठवडे सांगितलेत, आता तिसरा चालू आहे.

पिनांची जागा मी रोज साफ करते, प्रत्येक पिनेला वेगळा कापूस. ते जमतंय. खरी अडचण रात्रीची. पाठीवर झोपलं की मान अधांतरी राहते, म्हणतात. काल टॉवेलची गुंडाळी करून मानेखाली हळूच सरकवली, तर तासभर डोळा लागला. मग पुन्हा टक्क जागे. तुम्ही उशा कशा रचल्यात? कुशीवर वळवताना आधार नेमका कुठे दिलात? (कडं आणि जाकीट जोडणाऱ्या सळ्यांना धरून उठवायचं नाही, हे ठाऊक आहे.)

शिवाय जाकिटाच्या लोकरी अस्तराखाली, खांद्याच्या पात्यापाशी फार खाजतं. अस्तर भिजू न देता आतून फडकं कसं फिरवता?

आणि जेवण. मान खाली होत नाही, ताट दिसतच नाही. काल बाबा अर्धवट जेवून उठले, मला फार वाईट वाटलं. ताट उंचावर घ्यायला काय वापरलंत, तेही सांगा. ज्यांच्या घरी हे दिवस काढलेत, त्यांनी कृपया लिहा.