इमोबिलायझर काढूनच टाकायचा का?

केळीवाला_रावेर
मंडळी, डोकं गरगरतंय, उन्हानं कमी आणि गाडीनं जास्त. नऊ वर्षं जुनी पेट्रोल गाडी. दुपारी सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण गाडी घेत नाही. कधी दोन सेकंद घेते आणि लगेच बंद. मीटरमध्ये चावीच्या चित्राचा लाल दिवा फडफडत राहतो, म्हणजे इमोबिलायझरचा (खरी चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं चोरीविरोधी यंत्र). इथला वायरमन म्हणतो, "इमोबिलायझर बाद झाला, कायमचा काढून टाकतो, साडेचार हजार द्या." सर्व्हिस सेंटर म्हणतं ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि चाव्यांचा सेट बदला, ४२ हजार. माझं मन वायरमनकडे झुकतंय. रावेरात माझी ही जुनी गाडी चोरायला कोण येतंय? पटत नसेल त्यानं बोलावं.

गिरणाकाठ
काढून टाक भो, विचार कसला करतो. माझी पिकअप कन्नड घाटात रात्री अशीच बसली होती. मागे टमाटे. टोचन लावून चाळीसगावला आणेपर्यंत निम्मा माल पिचला. दुसऱ्याच दिवशी इमो काढला, आज तीन वर्षं झाली, एकदाही अडली नाही. आजोबांच्या जीपला कुठे चिप होती?

मल्टिमीटर_भुसावळ
अडली नाही कारण अडवणारा गेला. दोष होता तिथेच आहे.

केळीवाले भाऊ, आधी हे चालतं कसं ते पाहा. चावीच्या प्लास्टिकमध्ये बारीक चिप असते, साध्या चावीत तिला स्वतःचा सेल नसतो. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते. लॉकभोवती तारेच्या कॉइलची रिंग असते. चावी फिरवली की रिंग साधारण १२५ किलोहर्ट्झचं क्षेत्र सोडते, त्याच्याच जोरावर चिप जागी होऊन आपला नंबर सांगते. नंबर जुळला तरच ईसीएम पेट्रोल सोडतो. म्हणजे चिप, रिंग, मधली वायर-कनेक्टर आणि ईसीएम. सर्व्हिस सेंटरनं थेट सगळ्यात महागाला हात घातला, वायरमन तर सगळंच उपटायला निघाला. मधलं कुणी तपासलं?

दुसरी चावी लावून पाहिली का? जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी आहे का? असेल तर वेगळी करा, दोघींचा आवाज एकात एक मिसळतो. आणि बॅटरी मोजा. उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जायला नको. आपल्याकडच्या उन्हात बॅटऱ्या लवकर मरतात आणि नाव इमोबिलायझरचं होतं.

गिरणाकाठ
हे सगळं घरी बसून ठीक. घाटात मल्टिमीटर कोण काढतो? आणि "चोरीपासून संरक्षण" म्हणून विम्यात काय सूट मिळते माहितीय का? मान्यताप्राप्त यंत्र असेल तर ओडी (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग) प्रीमियमच्या अडीच टक्के, तेही जास्तीत जास्त ५०० रुपये. टमाट्यांचे दोन कॅरेट नाही होत.

पांझरा_धुळे
सूट राहू द्या. चोरी झाली की विमावाले पहिल्यांदा दोन्ही चाव्या मागतात, आणि गाडीत काय काढलं-घातलं तेही विचारतात. रावेरात कोण येणार म्हणता, पण रावेरहून मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर किती लांब? आमच्या धुळ्याला तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर दोन्ही रस्ते मिळतात. रात्री गेलेली गाडी उजाडेपर्यंत दुसऱ्या राज्यात. अमेरिकेत ह्युंदाई-कियाच्या बऱ्याच गाड्यांना इमोबिलायझरच दिला नव्हता, तर २०२१-२२ पासून पोरांनी यूएसबीची वायर वापरून गाड्या पळवायचा सपाटा लावला.

बोरीकाठची_ताई
मी गेल्या वर्षी सेकंडहँड गाडी घेतली. इमो काढलाय हे विकणाऱ्यानं सांगितलं नाही. अमळनेरात साधी चावी बनवायला गेले, चावीवाल्यानं चिपशिवायची चावी लावली आणि गाडी सुरू! म्हणाला, "ताई, छान, तुमचे पैसे वाचले." माझ्या पोटात गोळा आला.

केळीवाला_रावेर
तिजोरीतली दुसरी चावी काढली. दुपारी तीही चालली नाही. पण पहाटे बागेत मोटर चालू करायला निघालो तर दोन्ही चाव्यांनी पहिल्याच सेल्फला गाडी घेतली. बॅटरी १२.५, सेल्फ मारताना १०.४. मोबाइलवर चालणारा स्वस्तातला स्कॅनरही लावला, एकही कोड नाही.

मल्टिमीटर_भुसावळ
ते स्वस्तातले स्कॅनर इंजिनचे सर्वसाधारण कोड वाचतात, इमोबिलायझरच्या डब्यापर्यंत पोचतीलच असं नाही. कोड नाही म्हणून दोष नाही असं समजू नका.

पण तुम्ही अर्धं उत्तर देऊन टाकलंत. दोन चाव्या एकाच दुपारी बाद होत नाहीत, आणि पहाटे परत बऱ्याही होत नाहीत. बॅटरीही सुटली. तापल्यावर तुटणारं काहीतरी आहे, बहुतेक रिंगच्या तारेचा झाळलेला टाका नाहीतर कनेक्टर. रिंगचं कनेक्टर काढून रिंगच्या दोन पिनांवर ओहम मोजा, एकदा पहाटे, एकदा ऊन डोक्यावर असताना. वायरला उंदराचे दात लागलेत का तेही बघून घ्या.

केळीवाला_रावेर
मोजलं. पहाटे १४ ओहम. दुपारी दोनला, गाडीत हात लावता येत नव्हता, काहीच रीडिंग नाही, म्हणजे रिंगमधला जोड सुटलेला. पंचा ओला करून घट्ट पिळला, स्टिअरिंगखालच्या आवरणावर धरला, पंधरा मिनिटांनी पुन्हा १४ आणि गाडी सुरू! वायरमनला दाखवलं तर म्हणे, "मी हेच सांगणार होतो." जळगावहून रिंग मागवली, बाराशे रुपये.

गिरणाकाठ
आणि रिंग येईपर्यंत? पंचा घेऊन फिरणार? काय व्हयनं रे भो, एवढ्या बाराशेच्या रिंगेनं बागाईतदार अडून बसला! मी तर पुन्हा इमो बसवणार नाही. माझी गाडी, माझा धंदा.

बोरीकाठची_ताई
बसवू नका. फक्त गाडी विकाल तेव्हा घेणाऱ्याला सांगाल ना भाऊ?