सायबर कॅफेतली पासवर्डची वही: जाळू, ठेवू की ज्याची त्याला देऊ?

कोयनाकाठ (कराड):

नमस्कार मंडळी. माझ्याकडं लाल कव्हरच्या तीन वह्या आहेत. त्यांत अकराशेच्या वर लोकांचे मेल आयडी आणि पासवर्ड माझ्या अक्षरात लिहिलेले आहेत. त्यांचं काय करावं ते मला ठरवता येत नाहीये, म्हणून विचारतोय.

२००० च्या दसऱ्याला मी कराडात सायबर कॅफे टाकला. चार कॉम्प्युटर, मधे प्लायवूडची पार्टिशनं, एक मॉडेम, तासाला साठ रुपये. पहिल्या वर्षी येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्याआधी माउस हातात धरलेला नव्हता. पोरगा परदेशी गेलेला असायचा, तिकडून फोनवर सांगायचा की हॉटमेल काढून घ्या. हॉटमेल म्हणजेच मेल, असाच तेव्हा समज होता. ते काढणाऱ्यांतले सबीर भाटिया आपल्याकडचे, त्यामुळं पेपरात नाव सारखं यायचं. मग रेडिफ, याहू. मी शेजारी स्टूल घेऊन बसायचो, आयडी काढून द्यायचो आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून द्यायचो. आठ दिवसांनी माणूस परत यायचा, चिठ्ठी हरवलेली. शेवटी लोकच म्हणायला लागले, "दादा, तुमच्याकडंच लिहून ठेवा." तिथून वही सुरू झाली. तारीख, नाव, आयडी, पासवर्ड, आणि गुप्त प्रश्नाचं उत्तर.

मलकापूरच्या एक मावशी दर रविवारी यायच्या. मुलगा मस्कतला. त्याचा मेल रोमन लिपीतलं मराठी. मावशींना मराठी नीट वाचता यायचं, पण इंग्रजी अक्षरं नाहीत, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवायचो. काल, काळ आणि कळ त्यात एकसारखेच दिसतात, त्यामुळं आधी वाक्य मनात लावायचं आणि मग वाचायचं. वाचून झालं की त्या प्रिंट मागायच्या, पानाला पाच रुपये. मग उत्तर सांगायच्या. लाइन चालू ठेवून सांगत बसलं तर बिल वाढतं, म्हणून मी आधी कागदावर उतरवून घ्यायचो, मग टाइप करायचो आणि शेवटी दोन मिनिटं लाइन लावून पाठवून द्यायचो. मावशी तोवर पदर सावरून बसायच्या, जणू मुलगा पलीकडून बघतोय.

तेव्हा मेल तपासणं म्हणजे घरातून निघून कुठंतरी जायचं काम होतं. रविवारी जायचं, आलेलं बघायचं, उत्तर द्यायचं, आणि पुढचा रविवार येईपर्यंत त्याच मजकुरावर घरात बोलायचं. हॉटमेलचा डबा २ एमबीचा. मस्कतहून नातवाचे दोन फोटो आले की भरला. मग मावशींना विचारायचो, यातलं काय काढून टाकू? त्या प्रत्येक पत्र पुन्हा वाचायला लावायच्या आणि बहुतेक वेळा म्हणायच्या, हे राहू दे.

२००४ च्या एप्रिलमध्ये जीमेल आलं, १ जीबी जागा घेऊन. इथं पोचायला वेळ लागला, कारण ते आमंत्रणावर मिळायचं. इंजिनिअरिंगच्या एका पोराकडं सहा आमंत्रणं होती, त्याच्यामागं सगळं हॉस्टेल. जीमेलनं काढून टाकायचा प्रश्न मिटवला. पण माझ्या डोळ्यांदेखत झालेला बदल सांगतो: जागा अपुरी होती तोवर लोक जुनी पत्रं पुन्हा वाचत होते. जागा मुबलक झाली आणि मागं जाऊन वाचणं बंद पडलं.

मग ऑर्कुट, फेसबुकच्या आधीची मित्र जोडायची साइट. याबद्दल मला बरंच बोलायचंय, कारण माझ्या कॅफेची सगळ्यात चांगली वर्षं ती होती आणि लोकांचं बसणं-उठणं बदललं तेही तिथंच. मेलला येणारा माणूस उत्तर आलं का ते बघून जायचा. ऑर्कुटला येणारा पोरगा स्क्रॅप, म्हणजे आपल्या पानावर आलेले निरोप, वाचायचा, उत्तर द्यायचा, पैसे देऊन जायचा आणि वीस मिनिटांत परत यायचा. कुणी प्रोफाइल बघितलं तेही दिसायला लागलं, तेव्हा तर नुसतं ते बघायलाच पोरं यायची. स्क्रॅप सगळ्यांना दिसणारा. म्हणजे एकाला लिहायचं आणि शंभरांनी वाचायचं, हे इथल्या पोरांनी पहिल्यांदा तिथं केलं. आणि त्यातूनही त्यांनी खासगी वाट काढली होती. टेस्टिमोनियल, म्हणजे मित्राबद्दल लिहायचे चार शब्द, समोरच्यानं मंजूर केल्याशिवाय दिसत नसे. तर पोरं पोरींना टेस्टिमोनियलमध्ये चिठ्ठी लिहायची, वरती पहिली ओळ 'मंजूर करू नकोस'. लोकांना चारचौघांत मिरवायचंही असतं आणि कोपऱ्यात बोलायचंही असतं, हे मी तेव्हा शिकलो.

२००७ साली ऑर्कुटवरच्या मजकुरावरून आपल्याकडं कॅफेंची तोडफोड झाली, तेव्हापासून मी येणाऱ्याचं नाव-ओळखपत्र रजिस्टरवर काटेकोर घ्यायला लागलो. २०१० च्या सुमाराला पोरं फेसबुकवर गेली, मग फेसबुक मोबाइलवर गेलं. २०१३ ला कॅफे बंद केला. आता त्याच गाळ्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म.

फॉर्मला मेल आयडी लागतोच. पण आता तो पत्ता राहिला नाही, किल्ली झालाय. परवा एक शेतकरी आले, त्यांचा आयडी मोबाइलच्या दुकानातल्या पोरानं फोन घेताना काढून दिलेला. त्यांना तो पाठ नाही, पासवर्ड माहीत नाही, त्यावर आजवर एकाही माणसाचं पत्र आलेलं नाही. आलेत ते फक्त ओटीपी.

आता मूळ गोष्ट. गेल्या महिन्यात मावशींचा मुलगा दुकानात आला. मावशी दिवाळीनंतर गेल्या. त्याला आईनं लिहिलेली पत्रं हवी होती. त्याचा स्वतःचा आयडी तिकडच्या ऑफिसचा होता, नोकरी बदलली तसा तो गेला. त्याला वाटलं, आईच्या डब्यात पाठवलेलं असेल. मी वही काढली. ३ डिसेंबर २००१, मावशींचं नाव, आयडी, पासवर्ड. घातला. असं खातंच नाही, असं उत्तर आलं. बरीच वर्षं कुणी उघडलं नाही म्हणून कंपनीनं पुसून टाकलेलं. तो वीस मिनिटं तसाच स्टुलावर बसून होता.

तेव्हापासून झोप नीट नाही. अजून अकराशे ओळी आहेत. त्यांतली काही खाती जिवंत असतील. माणसं शोधून ज्याची त्याला ओळ देऊ का? माणूस गेला असेल तर मुलांना देऊ का? का हे सगळं जाळून मोकळा होऊ?

काळा_कोट (सातारा):

दादा, मी वकिली करते. तीन गोष्टी आधी.

वही जशी आहे तशी कागदावरच राहू द्या. फोटो काढू नका, एक्सेलमध्ये उतरवू नका. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा डिजिटल माहितीला लागतो, आणि कागदावरची माहिती नंतर डिजिटल केली तरी लागतो. मदत म्हणून यादी टाइप करून घ्याल आणि नको त्या जबाबदारीत शिराल.

दुसरं, कुणाच्याही खात्यात तुम्ही स्वतः जाऊ नका. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६क खाली गुन्हा आहे, इंग्रजीत तेच ६६ सी. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मावशींच्या बाबतीत तुमच्या मनात लबाडी नव्हती हे उघड आहे, तरी पुन्हा करू नका.

तिसरं, २०११ च्या सायबर कॅफे नियमांत रजिस्टर किमान एक वर्ष ठेवायला सांगितलंय. ती मुदत कधीच संपली. आणि ही वही तर रजिस्टरही नाही. ती ठेवण्याचं कायदेशीर कारण तुमच्याकडं उरलेलं नाही.

मुलांना द्यावी का? माझं मत, नाही. आईनं पासवर्ड तुम्हाला सांगितला होता, मुलाला नाही. वारसांनी कंपनीकडं मृत्यूचा दाखला लावून रीतसर अर्ज करावा. हे लिहिताना मला त्या मुलाचं वाईट वाटतंय, पण अकराशे घरांपैकी प्रत्येक घरात पत्रं मायेनंच वाचली जातील असं नाही.

जुना_सिसॅडमिन (पुणे):

जाळा. आजच. लोक पासवर्ड बदलत नाहीत, मी रोज बघतो. २००३ साली मुलीचं नाव आणि जन्मसाल ठेवणाऱ्याचं आज बँकेच्या अ‍ॅपलाही तेच असतं. तुमच्या गाळ्यात चोरी झाली तर चोर झेरॉक्स मशीन नेणार नाही.

लॉगिन_मधली_ताई (नाशिक):

सिसॅडमिनदादांची भीती खरी आहे, पण लगेच जाळू नका, असं मी म्हणेन. कारण जिवंत माणसांना ती ओळ उपयोगी पडू शकते. गूगलचं खातं परत मिळवताना 'आठवणारा शेवटचा पासवर्ड' विचारतात. तो जुना असला तरी चालतो, मालक तुम्हीच आहात हे पटवायला मदत होते. नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या जागेवरून प्रयत्न करायचा आणि कुठलाही प्रश्न सोडायचा नाही.

मात्र उशीर करू नका. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून पुसायला लागलंय. ज्यांचं खातं उघडेल त्यांना गूगल टेकआउटमधून सगळे मेल उतरवून द्या. एमबॉक्स नावाची एक फाइल मिळते, ती थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये उघडते. आणि त्याच बसण्यात त्यांना सेटिंगमधला निष्क्रिय खात्याचा पर्याय दाखवा. खातं ठरावीक काळ बंद राहिलं तर कुणाला काय मिळावं हे माणसाला जिवंतपणीच लिहून ठेवता येतं. वकीलताईंच्या शंकेवर तोच सरळ उपाय आहे.

पैलतीर (न्यू जर्सी):

दादा, तुमचा प्रश्न वाचून कामावर असताना डोळे भरून आले. माझी आई इस्लामपूरच्या कॅफेत जायची. तिथंही असेच एक दादा होते, त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही याचं आता वाईट वाटतं.

माझा १९९९ चा डबा गेला. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, त्यात भावाशी केलेल्या गप्पा गेल्या. राहिलं ते फक्त आईनं पाच-पाच रुपये देऊन काढलेल्या प्रिंटमधलं. कपाटात साड्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत. माझीच पत्रं, मी आईला लिहिलेली. तिची एकही नाही, कारण स्वतःचं बोलणं कोण छापून घेतं?

आता आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसातून दहा वेळा बोलतो. आई फुलांचे फोटो पाठवते, मी अंगठा दाखवते. मला ते हवंच आहे, त्याच्याशिवाय मी इथं राहू शकले नसते. पण आठ दिवसांचं साठवून सांगितलेलं जे असायचं, की कुणाकडं काय झालं, तिला काय वाटलं, ते आता तुकड्यातुकड्यानं येतं आणि वाहून जातं.

एक विचारते. मावशींचं उत्तर तुम्ही आधी कागदावर उतरवून घ्यायचात म्हणालात. ते कागद कुठं गेले? वह्यांची मागची पानं एकदा बघाल का?

कोयनाकाठ (कराड):

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, कारण काम काढलं होतं.

वकीलताई, फोटो काढला नाही. सिसॅडमिनदादा, वह्या दुकानातून घरी आणून लोखंडी पेटीत ठेवल्या, किल्ली माझ्या कमरेला. दुकानात पाटी लावलीये: '२००० ते २०१३ या काळात इथे मेल आयडी काढला असेल तर ओळखपत्र घेऊन स्वतः या.' पहिल्यांदा वाटलं होतं, ज्याची ओळ त्याला कापून द्यावी. पण पानं पाठपोट लिहिलेली, एकाची कापली की मागच्याची जाते. म्हणून चिठ्ठीवर उतरवून देतो आणि वहीतली ओळ त्याच्यासमोर काळ्या मार्करनं बुजवतो. आजपर्यंत तेवीस जण आले. नऊ जणांची खाती उघडली. ताई, तुम्ही सांगितलेला तो पर्याय नऊही जणांना दाखवला. दिवाळीपर्यंत पाटी ठेवणार, मग उरलेलं बंबात घालणार. मुलांना देत नाही. दोघांना नाही म्हणालो. एक जण रागावून गेला.

पैलतीरताई, तुमचा निरोप वाचला त्या रात्रीच मागची पानं काढली. दुसऱ्या वहीत, शेवटाकडून उलटी लिहिलेली सहा पानं मावशींची आहेत. ही पासवर्डची ओळ नव्हे, त्यांच्या मुलानंच त्या वेळी वाचलेलं पत्र आहे, म्हणून मस्कतला फोन केला आणि वाचून दाखवू का असं विचारलं. तो म्हणाला, वाचा दादा, सावकाश वाचा. मी स्टुलावर बसूनच वाचलं:

"चि. बाळास, म्हस व्याली, रेडी झालीया. पैशाची घाई करू नगंस, सोसायटीचं भागलं. तुझ्या फोटूत तू वाळल्यासारखा दिसतुयास, तिकडं भाकरी मिळती का न्हाई ते लिही. मागल्या येळंला तू लिहिलंस ते दादानं वाचून दाखवलं, पण तू हसून लिहिलंस का रडून ते काय कळलं न्हाई. पुढच्या टायमाला तेबी लिहीत जा."

ती सहा पानं वहीतून अलगद काढली. पाठीमागं कुणाची ओळ नाही, ते आधी बघून घेतलं. उद्या स्पीड पोस्टनं मस्कतला पाठवतोय.