पाऊस, गेलेली लाइट आणि हातातलं पुस्तक: यंदा काय वाचलंत, काय ऐकलंत?

दापोलीकर

मंडळी, भातं कापायला आली तरी पाऊस जायचं नाव घेत नाहीये. आमच्याकडे जूनपासून एकच खेळ चाललाय, वारा सुटला की लाइट जाते आणि मग वायरमन कुठल्या फांदीने घोळ केलाय ते शोधत हिंडतो, आपण बॅटरी जपायची म्हणून मोबाइल बाजूला ठेवतो आणि नाइलाजाने का होईना पुस्तक उघडतो. तर यंदाच्या पावसात काय वाचलं, काय ऐकलं, काय आवडलं ते लिहा. परीक्षण नको बुवा, ती पेपरात येतात. कुठे बसून वाचलंत ते पण लिहा.

सुरुवात मीच करतो. 'तुंबाडचे खोत', तिसऱ्यांदा. दोन जाडजूड खंड, १९८७ सालचे. पहिल्यांदा कॉलेजात असताना वाचलं तेव्हा गोष्ट म्हणून भराभरा वाचलं, दुसऱ्यांदा पुण्यात नोकरीला असताना घरची आठवण येते म्हणून वाचलं आणि उगाच डोळे भरून घेतले. आता घरीच येऊन राहिलोय, आमच्या सातबाऱ्यावर चौतीस नावं आहेत, त्यातली अकरा मयत, आणि मधल्या पडवीच्या कौलांचे पैसे कोणी द्यायचे यावरून दोन चुलत्यांचं बोलणं बंद आहे. असल्या घरात बसून त्या खोतांच्या चार पिढ्या वाचायच्या म्हणजे काय ते तुम्हीच समजा. एकदा तर आई म्हणाली मोठ्याने वाच, चारसहा पानं ऐकली आणि म्हणाली "पुरे, हे आपल्याच घरातलं आहे." श्री. ना. पेंडसे मूळ मुर्डीचे, म्हणजे आमच्याच तालुक्यातले, त्यामुळे माणसं कशी बोलतात आणि मुख्य म्हणजे बोलता बोलता कुठे गप्प होतात ते त्यांना बरोब्बर माहीत. खेडला जगबुडीच्या पुलावरून एसटी जाते तेव्हा पाणी किती चढलंय ते बघायची सवय सगळ्यांनाच असते, यंदा मी बघत होतो ते पुस्तकामुळे, त्यातलं तुंबाड याच नदीकाठचं. एक तक्रार आहे, दुसऱ्या खंडात मध्येच फार रेंगाळलंय, ती पानं मी सरळ उलटली. माफी असावी.

वाशिष्ठीकाठची

मी चिपळूणची. आमच्याकडे पुस्तकांचे दोन भाग, २२ जुलै २०२१ च्या आधीची आणि नंतरची. आधीची जी उरलीत ती ओळखायला सोपी, वास येतो आणि पानं लाटेसारखी झालीत. कपाटाचे खालचे दोन कप्पे पूर्ण गेले. पाणी उतरल्यावर बाबांनी चिखल आधी स्वयंपाकघरातला काढला, आईने कपडे धुवायच्या दोरीवर पुस्तकं उघडी टाकली, चिमटे लावून, पण बाहेर ऊन कुठे होतं! गावातलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं, तिथे २००५ लाही पाणी शिरलं होतं आणि २०२१ लाही, त्यांच्यापुढे आमचं दुःख म्हणजे काहीच नाही.

तर त्या दोरीवर बचावलेलं एक 'व्यक्ती आणि वल्ली'. अर्धी पानं एकमेकांना चिकटलेली, ती सुरीने सोडवताना अक्षरं पलीकडच्या पानावर गेली. अंतू बर्वा मात्र शाबूत. यंदा लाइट नसताना आजीला वाचून दाखवला. कार्यक्रमात लोक हसतात त्या जागांवर आजी हसलीच नाही, उलट "बिचारा" म्हणाली दोनतीनदा. तेव्हापासून मलाही तो विनोदी लेख वाटत नाही, एकट्या म्हाताऱ्याची गोष्ट वाटते. पु.ल. ग्रेट आहेत ते यासाठी, हसवण्यासाठी नव्हे. (हे बोलल्यावर मला घरात कोणी चहा विचारला नाही.)

वेंगुर्ल्याची सून

माहेर सोलापूर, सासर वेंगुर्ला, लग्नाला सहा वर्षं. मी 'कोंडुरा' वाचायला घेतली, खानोलकरांची, १९६६ ची. सासूबाई म्हणाल्या, "कोंडुरो? मगे वाचूक कित्याक होयो, चल दाखवतंय." आणि खरंच रविवारी रिक्षा करून किनाऱ्यावरच्या त्या कोंडुऱ्याला घेऊन गेल्या. खडकातल्या फटीत समुद्र घुसतो आणि आत कुठेतरी दुंदुंदुं असा आवाज होतो, पोटात जाणवतो तो, कानात नाही. मी उभी राहून ऐकत होते आणि सासूबाई बाजूला बसून शेंगा खात होत्या. पुस्तक मला अर्ध्यापर्यंत अंगावर आलं होतं, इतकी भीती, इतके शकुन, माणूस इतका कसा घाबरू शकतो असं वाटायचं. तो आवाज ऐकल्यावर उरलेलं एका रात्रीत संपवलं. आवडलं का विचाराल तर हो, पण पुन्हा वाचणार नाही, निदान पावसात तरी नाही.

त्याच माणसाची गाणी मात्र रोज. हेच खानोलकर आरती प्रभू म्हणून कविता लिहायचे हे मला लग्नाआधी माहीतच नव्हतं, हसू नका. कुडाळात त्यांची खानावळ होती म्हणे, सासरे तिथून गेलो की दर वेळी सांगतात. 'ये रे घना' आशाताईंचं आणि 'गेले द्यायचे राहून', दोन्हीला संगीत हृदयनाथांचं. पहिलं मी भाकऱ्या थापताना लावते. दुसरं लावलं की भाकरी करपते, म्हणून ते भांडी घासताना.

बुवांचा पखवाजी

पुस्तकबिस्तक आपल्याला जमत नाय, स्पष्ट सांगतो. पण संगीताचं विचारलंत म्हणून लिहितो. कणकवलीकडचा मी, गणपतीत डबलबारी वाजवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दोन भजनी बुवा, दोघांची मंडळं समोरासमोर, एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, रात्रभर. अभंग, गवळण, आणि मग गजर, गजराला सगळं मंडप उठतं. यंदा एका बारीत समोरच्या बुवांनी गजराला एका ताज्या हिंदी सिनेमाची चाल लावली, पोरं नाचली, म्हातारे उठून पान खायला गेले. आमच्या बुवांनी काय करावं? पेटीवर तीच चाल धरली, अर्ध्यात सोडून दिली आणि जुनी चाल एवढी सावकाश घेतली की मला ठेका धरायला घाम फुटला. सावकाश वाजवणं हे फास्ट वाजवण्यापेक्षा कठीण, वाजवणाऱ्याला विचारा. शाईवर मधलं बोट जरा जरी सैल पडलं तर आवाज फाटतो. म्हातारे पान थुंकून परत आले. माझ्यासाठी यंदाचं बेस्ट म्युझिक हेच, रेकॉर्डिंग आहे पण त्यात निम्मा पाऊस ऐकू येतो.

गुहागरहून

वरचं सगळं वाचलं. मला एक विचारायचंय, रागावू नका. कोकणावरची सगळी पुस्तकं रडकी का असतात? मी गोनीदांची 'पडघवली' नुकतीच संपवली, अंबावहिनी सांगते आणि तिची भाषा इतकी गोड आहे की आमच्या आत्याच बोलतायत असं वाटतं, पण शेवटी काय तर गाव मोडलं, घरं बंद पडली, माणसं मुंबईला गेली. १९५५ सालचं पुस्तक, म्हणजे तेव्हापासून आपण मोडतोच आहोत! मग मी इथे होमस्टे चालवते, शेजारी सुपारीची बाग नव्याने लावलीय, पोरगं ड्रोनने फवारणी शिकतंय, हे कोणी लिहायचं? आवडलं नाही असं म्हणत नाही. आवडलं म्हणूनच चिडलेय.

सावंतवाडीवाला

@गुहागरहून, ताई मग प्रवीण बांदेकर वाचा. आमचे सावंतवाडीचेच. 'चाळेगत' मध्ये गावावर आलेलं खाणींचं संकट आहे, रडणं नाही, चीड आहे. 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' ला २०२२ चा साहित्य अकादमी मिळाला. त्यात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आहे, तो आमच्याकडे पिंगुळीची ठाकर मंडळी अजून करतात, तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पुस्तक सोपं नाही. पहिली तीस पानं मी दोनदा वाचली, कोण बोलतंय तेच कळेना, मग सोडून दिलं की कळलंच पाहिजे, तेव्हा कळायला लागलं.

दर्याकिनारी (मुरुड)

आमची मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, बोटी वर ओढलेल्या, म्हणजे दोन महिने जाळी शिवायची आणि ऐकायचं. वाचायला हात मोकळे नसतात. यंदा जुनी कोळीगीतं पुन्हा ऐकली. मजा बघा, 'मी डोलकर' लिहिलं शांता शेळक्यांनी, त्या वाढल्या मंचरला, तिथे दर्या कुठला. लताबाईंसोबत गायले हेमंत कुमार, बंगाली माणूस. आणि आमच्याकडे आजही हळदीला हे गाणं वाजलं नाही तर कोणाची तरी मावशी रुसते. डोलकर म्हणजे डोलीने मासे मारणारा हे किती जणांना माहीत आहे? डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं, तोंड उघडं ठेवून भरती-ओहोटीच्या ओढीत बांधायचं, मासा स्वतः आत येतो. गाण्यात ते सगळं दिसत नाही पण चालीत ओढ आहे, पाणी एकदा आत एकदा बाहेर, ते हृदयनाथांना कसं कळलं देव जाणे. मी मुद्दाम सुईचा टाका त्या ठेक्यावर घालून बघितला, जमतो.

देवगडचा बागवाला

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. १९५६ चं. मी ते सलग वाचत नाही, ज्या महिन्याचं प्रकरण त्या महिन्यातच. पौष-माघात बागेत खोपटीत बसून, कारण तेव्हा मोहोर असतो, तुडतुड्याची फवारणी असते आणि वानर येतात, राखण लागते. मोहोराचा वास आला म्हणजे लोकांना कविता सुचते, मला कर्जाचा हप्ता आठवतो. तरी पण बाईंची नजर! मी आयुष्यभर झाडाखाली आहे आणि पालवीचा रंग इतक्या वेळा बदलतो हे पुस्तक वाचून वर बघितल्यावर कळलं. एकदा वाचण्यात इतका गुंगलो की वानरांनी दोन कलमं साफ केली, घरी सांगितलं की डोळा लागला होता.

चाकरमानी

मी मुंबई-रत्नागिरी महिन्यातून दोनदा. गाडीत किशोरीताई आमोणकरांचा भूप राग, 'सहेला रे'. उक्षी स्टेशन गेलं की करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटर, नेटवर्क मेलं, गाणं बरोबर तिथेच तुटतं. सुरुवातीला चिडचिड व्हायची, डाउनलोड करून ठेवायचं दर वेळी विसरायचो. आता मुद्दाम करत नाही. त्या पाचसहा मिनिटांत तोच स्वर डोक्यात चालू ठेवायचा आणि भोके स्टेशन यायच्या आत गाणं पुन्हा सुरू झालं की बघायचं आपण कुठे घसरलोय. शंभरदा तरी घसरलोय. समोरच्या काकी एकदा म्हणाल्या, "तुमचं काय दुखतंय का?"

संगमेश्वरची वाचक

माझं छोटंसं. लायब्ररीतून 'रणांगण' आणलं, विश्राम बेडेकरांचं, १९३९ चं. युरोपातून निघालेलं जहाज, युद्धाची छाया, चक्रधर आणि हॅर्टा. शे-सव्वाशे पानांचं पुस्तक, दुपारी अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या राखत वाचत होते, कावळे हाकलायचं पण भान नाही. आणि शेवटची आठ पानं नाहीतच! कोणीतरी सरळ फाडून नेलीत. कुठली लायब्ररी ते सांगत नाही, बिचाऱ्यांची काय चूक, पण ज्याने फाडलं त्याच्या घरी कायम लाइट जावो. कोणाकडे आहे का? शेवटच्या पानांचे फोटो टाका ना प्लीज. पुढे काय झालं ते मात्र इथे लिहू नका.

चाकरमानी

@संगमेश्वरची वाचक, आहे माझ्याकडे. फोटो नाही पाठवणार, तो शेवट मोबाइलवर वाचायचा नाही. शनिवारी गावी येतोय, गाडी संगमेश्वरला दोन मिनिटं थांबते, मी दारातच उभा असेन. पुस्तक पेपरात गुंडाळलेलं असेल, पाऊस असला तर प्लास्टिकच्या पिशवीत. परत कधीही द्या.

संगमेश्वरची वाचक

येते. सोबत थोड्या मिरच्या आणते, कावळ्यांनी ठेवल्या तेवढ्या.