अनुभव धागा: गल्लाभरू सिनेमाची पिसं नेमकी कशी काढायची?

धागाकर्ता

पुण्यात सिनेमाचा अभ्यास जुना आहे. १९३३ साली प्रभात कोल्हापूरहून इथे आली, पुढे त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. पण हा सगळा अभ्यास आपण कलात्मक सिनेमासाठी राखून ठेवतो. ज्या सिनेमाचं शनिवार-रविवारी तिकीट मिळत नाही त्याच्यावर मात्र ‘डोकं घरी ठेवून जा’ एवढं लिहून मोकळे होतो. लाखो लोक पैसे देऊन जे बघतात ते बारकाईने वाचायला हवं, आणि ते वाचन खुसखुशीत झालं तर लोक शेवटपर्यंत वाचतील.

म्हणून जाणकारांना आमंत्रण. तुम्ही काय टिपता, काय मोजता, विनोद कुठे फसतो, का फसतो, ते लिहा. पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढू. इथे कृती हवी.

मध्यंतर

सिनेमा दोनदा बघायचा. पहिल्या वेळी वही बाहेर काढायची नाही. आपण कुठे हसलो, कुठे मोबाइल बघावासा वाटला, शेजारची रांग कुठे गप्प झाली, एवढंच लक्षात ठेवायचं आणि बाहेर पडल्यावर तासाभरात उतरवून काढायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर इतरांची मतं वाचून स्वतःची प्रतिक्रिया बदललेली असते.

दुसऱ्या वेळी घड्याळ लावायचं. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, त्यावर लांबी असते, ती टिपा. मग या जागांची मिनिटं लिहा: नायकाचा प्रवेश, पहिलं गाणं, खलनायकाला नेमकं काय हवंय हे कळतं ती जागा, मध्यंतर, नायकाची सगळ्यात मोठी हार, शेवटच्या मारामारीची सुरुवात.

१६० मिनिटांच्या सिनेमात मध्यंतर साधारण ७५ ते ८५ मिनिटांत येतं. उत्तरार्ध ‘लांबला’ असं आपण सर्रास म्हणतो, पण दोन्ही भाग मोजले तर बहुतेकदा सारखेच भरतात. मग तो लांब का वाटतो? दहापैकी सात वेळा कारण हे, की मध्यंतराला धमाका हवा म्हणून मोठं रहस्य तिथेच फोडून टाकलेलं असतं आणि नंतरचा अर्धा तास भूतकाळ सांगण्यात जातो. प्रेक्षकाला पुढे काय होणार ते हवं असतं, आणि पडद्यावर आधी काय झालं ते चालू असतं. परीक्षणात ‘उत्तरार्ध रेंगाळतो’ऐवजी ‘८२व्या मिनिटापासून ११०व्या मिनिटापर्यंत नायक एकही निर्णय घेत नाही’ असं लिहा. हे वाक्य आपोआप मिश्कील होतं, आणि ते खोडून काढायला समोरच्यालाही घड्याळच लावावं लागतं.

टिपणं कागदावर घ्या. अंधारात मोबाइलच्या उजेडाचा इतरांना त्रास होतो. आणि पुराव्यासाठी पडद्याचं चित्रण तर अजिबात करू नका. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड आहे.

गतीचे नियम

हाणामारीची थट्टा करताना ‘न्यूटन रडला असेल’ हे वाक्य कायमचं बाद करा. आकडा काढा, तो जास्त हसवतो.

गोळी लागल्यावर माणूस मागे उडतो, हे घ्या. गोळी ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३५० मीटर. माणूस ७० किलोचा. संवेगाचा हिशोब केला तर माणसाला मिळणारा वेग सेकंदाला ४ सेंटिमीटर. म्हणजे तो जागच्या जागी कोसळेल. पडद्यावर तो काच फोडून मागे जातो, कारण त्याच्या कपड्यांखालच्या पट्ट्याला तार जोडलेली असते आणि ती मागून ओढतात.

एका गच्चीवरून एक मजला खालच्या गच्चीवर उडी: ३ मीटर पडायला ०.७८ सेकंद लागतो. धावण्याचा वेग सेकंदाला ८ मीटर धरला तर ६.२ मीटर अंतर जाईल. उडी घेताना अर्धा मीटर वर उसळला तर हवेतला वेळ १.१६ सेकंद होतो आणि अंतर सव्वानऊ मीटर. पेठेतला बोळ तो आरामात ओलांडेल, १५ मीटरचा रस्ता नाही.

मोजताना एक चूक होते ती मंदगतीची. सेकंदाला ४८ चौकटींनी (फ्रेम) टिपलेलं दृश्य २४ ने दाखवलं की वेळ दुप्पट दिसते, ९६ ने टिपलं की चौपट. आधी भागाकार करा, मगच ‘नायक पाच सेकंद हवेत होता’ म्हणा.

आणि आता महत्त्वाचं. सिनेमाने स्वतःचा नियम आधी मांडला असेल तर तुमचा नियम तिथे चालत नाही. ‘बाहुबली’च्या दुसऱ्या भागात (२०१७) सैनिक वाकवलेल्या ताडांवरून ढालींचा गोळा करून तटापलीकडे फेकले जातात. गणितात हे बसत नाहीच. पण पहिल्या भागात (२०१५) नायक शिवलिंग खांद्यावर उचलून धबधब्याखाली नेऊन ठेवतो, आणि तेही कशासाठी, तर आईची पाणी वाहण्याची पायपीट थांबावी म्हणून. त्या दृश्यात दोन गोष्टी ठरतात: या जगात ताकदीला सीमा नाही, आणि ती ताकद मायेपोटी बाहेर येते. ताडांचं दृश्य यातला पहिला नियम पाळतं. ते गणितात बसत नाही म्हणून हसण्यापेक्षा त्यामागे कुणाबद्दलची माया उरली आहे का, हे विचारा.

कात्री

संकलनाबद्दल ‘वेगवान’ हा शब्द फसवा आहे. दहा मिनिटांचा तुकडा घ्या, कट मोजा. ६०० सेकंदांत २०० कट म्हणजे सरासरी ३ सेकंदांचा शॉट. गप्पांच्या प्रसंगात ३ सेकंद खूप कमी, मारामारीत ठीक. दीड सेकंदाच्या खाली गेलं की बहुतेकदा काहीतरी झाकायचं असतं: नटाला मारामारी जमत नाही, डमी वापरलाय, किंवा ठोसा लागतच नाही.

पडताळा असा: मारामारी बघून झाल्यावर कागदावर जागेचा नकाशा काढा. दार कुठे, जिना कुठे, नायक कुठल्या बाजूने आला? नकाशा काढता आला नाही तर दिग्दर्शनात दोष आहे. बहुतेकदा दोन पात्रांमधली काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने विनाकारण ओलांडलेली असते, त्यामुळे डावीकडे पळणारा पुढच्याच शॉटमध्ये उजवीकडे पळतो. ‘शोले’तला (१९७५) मालगाडीवरचा हल्ला या कसोटीला लावून बघा. मुंबई-पुणे मार्गावर पनवेलजवळ चित्रित झालेला हा प्रसंग पन्नास वर्षांनंतरही कागदावर काढता येतो: इंजिन कुठे, डबे कुठे, घोडेस्वार कुठून येतात, सगळं स्वच्छ.

विनोदही इथूनच निघतो. ‘मारामारी अतर्क्य आहे’ हे कुणालाच हसवणार नाही. ‘गुंड अठ्ठावीस आहेत, पण भिडतो एका वेळी एकच, उरलेले सत्तावीस बसथांब्यावर उभे असल्यासारखे आपली पाळी येण्याची वाट बघतात’ यावर वाचक हसतो, कारण तो पुढच्या वेळी मागच्या सत्तावीस जणांकडे बघणार असतो.

कंदील

‘शोले’चा विषय निघालाच आहे तर ‘रामगढात वीज नाही, मग पाण्याची टाकी कशी भरते’ हा विनोद आता निवृत्त करावा. प्रश्न चुकीचा नाही, पण तो तिथेच सोडतात. टाकी का आहे? प्रेमवीराला दारू पिऊन अख्ख्या गावाला वेठीस धरायला उंच जागा हवी. वीज का नाही? विधवा सून एकेक दिवा मालवत जाते आणि अंगणापलीकडे जय बाजा वाजवत तिला पाहतो, त्यासाठी अंधार हवा. म्हणजे हे गाव भूगोलातून न येता प्रसंगांच्या गरजांतून बांधलंय. कथेत छिद्र सापडलं की पुढचा प्रश्न हाच: छिद्र बुजवलं तर कोणता प्रसंग गमवावा लागेल? प्रसंग त्या किमतीचा नसेल तरच छिद्रावर बोट ठेवा.

खिडकी क्रमांक २

गल्ल्याच्या आकड्यांवर लिहिणारे निम्मे लोक ढोबळ आणि निव्वळ यांत गोंधळ करतात. तिकीट २३६ रुपयांचं असेल तर त्यात १८ टक्के जीएसटीचे ३६ रुपये आहेत. निव्वळ २००. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांत, त्यांच्या निर्माते-वितरकांशी झालेल्या २००९ च्या वादानंतर हिंदी सिनेमासाठी जी वाटणी रूढ झाली, तिच्यात वितरकाचा हिस्सा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे त्या २३६ मधले पहिल्या आठवड्यात १०० आणि चौथ्यात ६० वितरकाकडे जातात. सगळा जोर पहिल्या तीन दिवसांवर का असतो, झलकीत सगळे चांगले तुकडे का ओतलेले असतात, याचं बरंचसं उत्तर या उतरत्या टक्क्यांत आहे.

दोन काळांतले सिनेमे रुपयांत तोलू नका. तिकिटं मोजा. १०० कोटी ढोबळ गल्ला आणि सरासरी तिकीट २०० रुपये म्हणजे ५० लाख तिकिटं. सरासरी १०० असेल तर एक कोटी. ‘विक्रम मोडला’ या जाहिरातीची हवा एवढ्या एका भागाकाराने निघते.

शनिवार पेठ

ऐतिहासिक गल्लाभरू सिनेमा आला की पुण्यात वाद ठरलेलाच. ‘बाजीराव मस्तानी’च्या (२०१५) वेळी काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात यावर सगळा राग खर्च झाला. त्यापेक्षा चुकांचे दोन ढीग करा: सजावटीच्या आणि अर्थ बदलणाऱ्या.

पडद्यावरचा आरसेमहाल भव्य आहे. खऱ्या मस्तानी महालाचा जपून आणलेला भाग केळकर संग्रहालयात उभा आहे. तो आधी पाहून या, मग पडद्यावरच्या दालनाची लांबी-रुंदी डोळ्यांनी तोला. हा पहिला ढीग. यावर मनमोकळं हसा, कथेचं काही बिघडत नाही.

दुसरा ढीग लढायांचा. अशा सिनेमांत लढाई म्हणजे दोन झुंडी एकमेकींकडे धावतात आणि सेनापती मध्यभागी तलवार फिरवतो. १७२८ साली पालखेडला बाजीरावांनी निजामाला कसं नमवलं? वेगाने हालचाली करून त्याला त्याच्या तोफखान्यापासून दूर खेचलं, रसद आणि पाणी तोडलं, आणि तो तहाला आला. रसद तोडणं पडद्यावर दाखवायला कठीण, म्हणून सिनेमे ते टाळतात आणि डोक्याने लढणारा सेनापती फक्त मनगटाचा उरतो. परीक्षणात खरी जागा द्यायची ती याला. नाचाला दोन ओळी पुरेत.

ओळ अन् ओळ

लिहिण्याबद्दल. नटाचं वय, वजन, रंग, उच्चार यांवर विनोद नको. तो सिनेमाबद्दल काहीच सांगत नाही. साठीतला नट कॉलेजकुमार झालाय हे लिहा, पण बोट त्याला ती भूमिका देणाऱ्यांकडे ठेवा. प्रेक्षकाच्या अभिरुचीवरही नको. शिट्टी वाजली असेल तर का वाजली ते शोधणं हे आपलं काम.

वाक्याची रचना अशी: आधी पडद्यावर दिसलं ते सरळ सांगा, मग प्रश्न विचारा, विनोदी शब्द वाक्याच्या शेवटी ठेवा. एका परिच्छेदात एकच मोठा विनोद. दुसरा घातला की पहिला मरतो. सगळी कथा क्रमाने सांगत चिमटे काढत जाणारे लेख तिसऱ्या परिच्छेदात थकतात, त्यामुळे चार-पाच प्रसंग निवडा. रसभंगाची सूचना पहिल्याच ओळीत द्या.

आणि थांबायची जागा ओळखा. ‘सैराट’ने (२०१६) अर्धा सिनेमा गाण्यांच्या तालावर लोकांना खुर्च्यांमधून उठवून नाचवलं. शेवटी पार्श्वसंगीत काढून घेतलं. उरली ती लहान मुलाची पावलं. पूर्वार्धातल्या मंदगतीवर, नायकाच्या विहिरीतल्या उडीवर हवं तेवढं मिश्कील लिहा, पण त्याच मजेने शेवट इतका जड केलाय हेही लिहा. पूर्वार्ध तसा नसता तर ती शांतता अंगावर आली नसती.

मागची रांग

आवाजाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ‘संवाद ऐकू येत नाहीत’ हा दोष सिनेमाच्या माथी मारण्याआधी दुसऱ्या पडद्यावर ऐका. ध्वनिमिश्रण चित्रपटगृहातल्या आवाजाच्या बटणाच्या ७ या खुणेला धरून केलेलं असतं. मोठ्या आवाजाच्या तक्रारी आल्या की अनेक ठिकाणी तो ५ च्या आसपास ठेवतात. मग स्फोट सुसह्य होतात, पण कुजबुज गायब होते. चित्र अंधारं वाटलं तरी तेच: द्विमितीसाठी पडद्यावरची प्रमाण उजळता १४ फूट-लँबर्ट आहे, त्रिमितीच्या खेळाला चष्म्यामुळे ती बरीच घटते. म्हणून परीक्षणाखाली एक ओळ द्या: एकपडदा की मल्टिप्लेक्स, द्विमिती की त्रिमिती, कुठली रांग. पडद्यापासून दोन-तृतीयांश मागे, मधली खुर्ची सगळ्यात बरी.

ओटीटीवर पुन्हा बघून मिनिटं तपासणार असाल तर आधी तिथली एकूण लांबी प्रमाणपत्रावरच्या लांबीशी ताडून पाहा. काही वेळा गाणं गळलेलं असतं किंवा कापलेलं दृश्य परत आलेलं असतं, आणि मग ‘८२वं मिनिट’ चुकतं.