इंडस्ट्रियल ट्रेनिंग: मुंबईचं हॉटेल घेऊ की गोव्यातलं रिसॉर्ट?

कुडाळची_विद्यार्थिनी
नमस्कार. हॉटेल मॅनेजमेंटच्या बीएस्सीचं माझं दुसरं वर्ष सुरू होतंय. निम्म्या वर्गाचं ट्रेनिंग पावसाळ्यातच सुरू होतं, त्यात मी आहे. दोन्हीकडे निवड झालीय: मुंबईत विमानतळाजवळचं मोठं हॉटेल आणि दक्षिण गोव्यातलं समुद्रकाठचं रिसॉर्ट. सगळे म्हणतात मुंबई घे, पावसात गोवा ओस असतो, शिकणार काय? पण मला पुढे रिसॉर्टमध्येच काम करायचंय. तारकर्लीजवळ आमची जागा आहे, तिथे चार खोल्यांचं होमस्टे काढायचं बाबांच्या मनात आहे. दुसरं म्हणजे, पदवीला जाऊन दुसऱ्यांच्या खोल्या झाडायच्या का, असं आई विचारते. तिला काय सांगू?

दादर_किचन
मी दादरच्या आयएचएमचा (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट), १९५४ पासून चालत आलेली संस्था. माझं मत मुंबईला. लग्नाच्या बॅन्क्वेटला एकाच वेळी शेकडो ताटं निघतात, केओटीवर केओटी (किचनला येणारी ऑर्डरची चिठ्ठी) येत राहतात. तो वेग अंगात एकदा भिनला की पुढे कुठेही उभी राहशील. पावसातल्या रिसॉर्टच्या किचनमध्ये हे मिळणार नाही.

वेंगुर्ल्याची_हाऊसकीपिंग
किचनमध्ये जायचं असतं तर दादा म्हणतात ते बरोबर आहे. तुला रिसॉर्टच चालवायचं आहे, तर गोवा घे, आणि पावसाळा मिळतोय म्हणून तर नक्कीच घे. मी दक्षिण गोव्यातच हाऊसकीपिंगला आहे, बरीच वर्षं झाली.

डिसेंबरमध्ये सगळी खोल्यांमागे धावत असतात, ट्रेनीला समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो. पावसात एकेक ब्लॉक दुरुस्तीसाठी बंद करतात. तेव्हा दिसतं की समुद्राच्या खाऱ्या हवेने एसीचं बाहेरचं युनिट कसं खाल्लंय, कपाटाच्या पाठीमागे बुरशी कुठून चढते, गाद्या उभ्या करून का ठेवतात. शनिवार-रविवारी पुण्या-बेळगावची गर्दी असतेच, म्हणजे पाहुणे सांभाळणंही सुटत नाही.

चादरींचंच बघ. हिशेब तीन संचांचा असतो: एक पलंगावर, एक लाँड्रीत, एक कपाटात. चार पलंगांना बारा. पावसात ड्रायर बंद पडला की हा हिशेब दोन दिवसांत कोसळतो, आणि त्या वेळी सुपरवायझर कोणत्या खोल्यांना आधी चादर देते, कुठल्या पाहुण्याला स्वतः जाऊन सांगते, हे शेजारी उभं राहून बघायचं. बाबांच्या चार खोल्यांना हेच लागणार आहे.

स्विमिंग पूलवाल्या काकांबरोबर सकाळी जात जा. नळीत पाणी घेऊन थेंब टाकतात आणि रंग पट्टीशी ताडतात. पीएच ७.२ ते ७.८ च्या आत हवा. रात्रभर मुसळधार पडला की पीएच खाली येतो, क्लोरीनही पातळ होतं, आणि ढगाळ सकाळी पाणी वरून स्वच्छच दिसतं. त्याच पाण्यात मुलं उतरणार असतात.

आता आईचं. चेक-आऊट अकराचं आणि चेक-इन दोनचं, मधल्या तीन तासांत सगळ्या खोल्या साफ करून पुढच्या पाहुण्यांसाठी तयार करायच्या. लहान मूल घेऊन रात्रभर प्रवास करून सकाळीच येणाऱ्यांची खोली आधी, उशिरा येणाऱ्यांची मागाहून. हे फ्रंट ऑफिसशी, म्हणजे रिसेप्शनशी, बोलून ठरवावं लागतं. सुपरवायझर खोलीत शिरली की आधी वास घेते, मग नळ सोडून बघते, मोरीच्या जाळीत केस आहे का बघते, पलंगावर बसून एसीच्या झडपेकडे मान वर करते, कारण पाहुण्याला आडवं पडल्यावर तेच दिसतं. ज्या मुलीने स्वतः खोल्या केल्या नाहीत तिला हे सुचत नाही, आणि खोल्या साफ करणाऱ्या अटेंडंटही तिचं ऐकत नाहीत. आईला म्हणावं, त्या अटेंडंट बायकाच तुझ्या मुलीच्या पहिल्या शिक्षिका असणार आहेत. मी त्यांच्याचकडे शिकले आणि मला त्याचा अभिमान आहे.

एक काळजी मात्र घे. माणसं कमी पडली की ट्रेनीला एकाच खात्यात डांबून ठेवतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने जवळजवळ सगळं ट्रेनिंग नाश्त्याच्या बुफेवर काढलं. फ्रंट ऑफिस, सर्व्हिस, हाऊसकीपिंग, किचन, चारही खात्यांचे आठवडे आधीच लेखी घे आणि लॉगबुकवर दर आठवड्याला सही घेत जा.

मालवण_होमस्टे
ताईंशी सहमत. आमच्याकडे पावसात किल्ल्याची होडी बंद, स्कूबा बंद, पाहुणे दिवसभर घरात. विहीर गढूळ होते, वीज जाते. पाहुण्यांना जेवण आणि गप्पांवर धरून ठेवावं लागतं. रिसॉर्टमध्ये मुलांच्या ॲक्टिव्हिटी बघणारे असतात, ते पाऊस पडला की कार्यक्रम कसा बदलतात ते विचार. आणि बाबांना सांग, तुझं ट्रेनिंग होईपर्यंत संडास-बाथरूमचा नकाशा पक्का करू नका.

कुडाळची_विद्यार्थिनी
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईला वाचून दाखवलं. ताई, ब्रेक शिफ्टबद्दल विचारायचं राहिलं, आणि इंजिनीअरिंगला ट्रेनी घेतात का?

वेंगुर्ल्याची_हाऊसकीपिंग
ब्रेक शिफ्ट बहुतेक सर्व्हिस आणि किचनला लागते: सकाळी काम, दुपारी सुट्टी, संध्याकाळी परत. राहायची सोय आवारात नसेल तर रात्रीच्या गाडीचं आधी विचार, हे आईसाठीही. इंजिनीअरिंग, म्हणजे हॉटेलचं दुरुस्ती खातं, ट्रेनीच्या चार खात्यांच्या फेरीत नसतं. हाऊसकीपिंगला असताना दुरुस्तीच्या तक्रारींची वही तूच घेऊन जात जा, म्हणजे रोज त्यांच्याकडे पाय लागेल. आणि बंद बूट दोन जोड घे, पावसात एक जोड वाळत नाही.