उघड्यावर उभा ट्रेलर: नुसतं कपलर लॉक पुरतं का?

मोकळी_जागा (प्रश्न)

एका ॲक्सलचा, बिनब्रेकचा, ७५० किलो क्षमतेचा ट्रेलर आहे. ५० मिमी बॉलचा कपलर, म्हणजे गाडीच्या बॉलवर बसणारी पुढची जोडणी. काम नसताना तो उघड्यावर, खडी पसरलेल्या जागेत कित्येक दिवस उभा असतो. तिथे वीज नाही आणि रात्री कुणाची ये-जा नाही. सध्या कपलरच्या खटक्याच्या भोकात एक बारीक कुलूप आहे, आणि ८ मिमीची गॅल्व्हनाइज्ड साखळी कपलरमागच्या, ट्रेलर ओढायच्या दांड्याभोवती फिरवून कुंपणाच्या खांबाला बांधली आहे. एवढं पुरेसं नाही हे दिसतंय, पण सुरुवात कुठून करायची? चांगलं कपलर लॉक, व्हील क्लॅम्प (चाक जखडणारं कुलूप), साखळी बांधायला जमिनीत गाडलेली कडी की जीपीएस? सगळं एकदम घेता येणार नाही, म्हणून क्रम लावून सांगितलंत तर बरं होईल.

टो_बॉल

आधी त्या बारीक कुलपाबद्दल. खटक्याचं भोक ६-७ मिमीचं असतं, त्यामुळे त्यात बसणारी कडीही तेवढीच बारीक, आणि ती छोट्या बोल्ट कटरने तुटते. ते कुलूप मुळात ट्रेलर गाडीला जोडलेला असताना कुणी खटका उघडू नये म्हणून असतं. वाटेत थांबताना ते लावाच. उभ्या ट्रेलरचं राखण मात्र त्याच्या भरवशावर सोडू नका.

उभ्या ट्रेलरसाठी दोन जातीची कुलपं मिळतात. एकात कपलरच्या पोकळीत खोटा बॉल बसतो आणि वरून पट्टी आवळते. दुसरं पेटीसारखं असतं, पूर्ण कपलर त्यात झाकला जातो. घ्यायचं तर दुसरं. पहिल्याची पट्टी आणि कपलर यांच्यात फट राहते, त्या फटीत पहार घालून पट्टी उपटता येते. शिवाय कपलर ज्या बोल्टांनी दांड्याला बसवलेला असतो ते उघडेच राहतात. बहुतेक हलक्या ट्रेलरना तिथे दोनच बोल्ट असतात. दोन पान्हे घेऊन ते सोडले की तुमचं महागडं कुलूप कपलरसकट जमिनीवर राहतं आणि दुसरा कपलर लावून ट्रेलर जातो. म्हणून पेटीने ते बोल्टही झाकले जातात का हे तुमच्या कपलरवर बसवूनच बघा, नुसत्या मापावर विसंबू नका. झाकले जात नसतील तर शिअर नट लावा. ठरलेल्या जोराला आवळल्यावर त्यांचं षटकोनी डोकं तुटून पडतं आणि पान्ह्याला धरायला काही उरत नाही.

काही जण नट वेल्डिंगने टाचून टाकतात, ते करू नका. कपलर ओतीव असेल तर वेल्डच्या कडेने तडा जाऊ शकतो. उष्णतेने बोल्टची कडकपणाची प्रक्रिया बिघडते, आणि संपूर्ण ओढ त्याच बोल्टांवर असते. गॅल्व्हनाइज्ड भागावर वेल्डिंग केलं की जस्ताचा धूर निघतो तो वेगळाच, त्याने ताप भरतो.

कानस

वरचं सगळं पटतं, पण माझ्या मते पहिला खर्च साखळी आणि जमिनीतल्या कडीवर व्हावा. कपलर लॉक कितीही भारी असलं तरी ते फक्त बॉलवर बसणं अडवतं. रिकामा असा ट्रेलर २०० किलोच्या आसपास भरतो, दोन माणसं दांडा उचलून तो हाताने ढकलत रस्त्यापर्यंत नेतात. पुढचं लहान चाक, म्हणजे जॉकी व्हील, क्लॅम्पमधून काढून घरात ठेवलं तरी हे बरंच अवघड होतं. त्याला पैसेही लागत नाहीत. दांडा लाकडी ठोकळ्यावर टेकवा.

८ मिमीची साधी साखळी म्हणजे बोल्ट कटरच्या एका दाबाचं काम. साखळी घेताना ग्रेडच्या आकड्याला भुलू नका. ग्रेड ८० लिहिलेली साखळी वजन उचलायला उत्तम असते, पण ग्रेड सांगतो ती ओढ सोसण्याची ताकद. कापायला ती किती विरोध करते ही वेगळी गोष्ट आहे आणि ती पृष्ठभागाच्या कडकपणावर ठरते. ओळखायचं कसं, तर एका कडीवर धारदार कानस फिरवा. साध्या लोखंडाला कानस लगेच चावते, खाली चकचकीत ओरखडा उठतो आणि बोटाला चुरा लागतो. कडक केलेल्या कडीवर ती काचेवरून फिरल्यासारखी घसरते आणि वरचा मुलामा तेवढा निघतो. जाडी किमान १३ मिमी घ्या. १६ मिमीच्या कडक साखळीपुढे हाताचा बोल्ट कटर जवळजवळ निरुपयोगी ठरतो, पण तिचं वजन मीटरला ५ किलोच्या पुढे जातं, रोज काढ-घाल करणाऱ्याला ते जड पडतं.

बॅटरीवरचा ग्राइंडर यातलं काहीही कापतो, हे धरूनच चला. आपण विकत घेतो ती वेळ आणि आवाज.

साखळी कुठून फिरवता याला जाडीइतकंच महत्त्व आहे. दांड्याभोवती नको, कारण बऱ्याच ट्रेलरचा दांडा बोल्टवर असतो. ती चाकाच्या डिस्कमधल्या भोकातून आणि ॲक्सलभोवती अशी एकत्र फिरवा. मग चाक काढलं तरी साखळी ॲक्सलवरून निघत नाही. दिव्यांची वायर मध्ये चेपली जात नाही ना, ते बघा. साखळीला ढील ठेवू नका. ती जमिनीवर लोळली की कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार देता येतो. अधांतरी, ताणलेल्या साखळीवर तो जोर मिळत नाही.

कुलपाची कडी साखळीपेक्षा बारीक नको, आणि कडीचे खांदे झाकलेलं कुलूप घ्या, म्हणजे कटरच्या जबड्यात धरायला जागाच राहत नाही. युरोपात ईएन १२३२० या मानकात कुलपांना १ ते ६ अशी श्रेणी देतात. बाहेर ठेवायच्या वस्तूला ४ च्या खालचं घेऊ नये. लावताना किल्लीचं तोंड खाली करा, पाणी आणि धूळ कमी जाते. साध्या पिनच्या कुलपात तेल ओतू नका, त्यात धूळ बसून चिकटा होतो. कोरडं वंगण घाला. चकत्यांच्या कुलपाला मात्र कंपनीने सांगितलेलं हलकं तेलच लागतं.

मोकळी_जागा

दोघांचेही आभार. दांडा खरंच बोल्टवरच आहे, म्हणजे आत्ताची साखळी नावालाच होती. कडी गाडायची तर खड्डा केवढा घ्यायचा? खाली मुरूम आहे आणि वर हातभर खडी. आणि व्हील क्लॅम्प मग घ्यायचाच नाही का?

खडी_वाळू

खड्डा ४५ बाय ४५ सेंमी आणि खोली ६० सेंमी, ही खोली खडी बाजूला करून मुरुमापासून मोजा. तळाला तो थोडा रुंद खणा, म्हणजे ठोकळा वर उपटून निघणार नाही. एवढ्या काँक्रीटचं वजन साधारण २९० किलो होतं, आणि भोवतीची ठोकलेली माती धरून ठेवते ते वेगळं. १:१.५:३ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाला ५० किलोची एक पिशवी सिमेंट बरोबर पुरते. २० लिटरच्या बादलीने मोजायचं तर वाळू अडीच बादल्या, खडी सव्वापाच आणि पाणी सव्वा बादलीपेक्षा जास्त नाही. वाळू ओली असेल तर पाणी आणखी कमी करा. मिश्रण हातात घट्ट वाटतं म्हणून पाणी वाढवण्याचा मोह होतो आणि तिथेच ताकद जाते. थरावर थर टाकत सळईने नीट टोचा.

कडीसाठी २० मिमीचा गोल गज तापवून इंग्रजी यू आकारात वाकवा. पाय ४५ सेंमी लांब, टोकं बाहेरच्या बाजूला १० सेंमी वळवलेली, आणि पायांना खालच्या बाजूला १२ मिमीची आडवी सळई वेल्ड करा. यूच्या आत ६० मिमी जागा राहू द्या, नाहीतर १३ मिमीची साखळी ओवताना अडकते.

मुख्य गोष्ट म्हणजे यूचा माथा काँक्रीटच्या वर काढू नका. गज कडक केलेला नसतो, वर राहिला तर साखळी सोडून तोच कापतात. माथ्याभोवती १०० मिमी पाइपाचा तुकडा उभा धरून काँक्रीट ओता आणि माथा पृष्ठभागाच्या ५०-६० मिमी खाली ठेवा. ग्राइंडरची ११५ मिमीची चकती यंत्राच्या डोक्यापुढे जेमतेम ३०-३५ मिमी बाहेर असते, तेवढ्या खोल ती पोचतच नाही. खळग्यात पाणी साचेल, म्हणून काँक्रीट ओतण्याआधीच त्याच्या तळातून २० मिमीची प्लास्टिक नळी बाजूच्या खडीत काढा. हे विसरलं तर गज बरोबर माथ्याशीच गंजतो आणि नंतर नळी घालता येत नाही.

सात दिवस गोणपाट ओलं ठेवा, तोवर साखळी बांधू नका. जागा अशी निवडा की कडी ट्रेलरखाली, चाकाच्या आतल्या बाजूला, ॲक्सलजवळ येईल. तिथे साखळी आखूड लागते आणि ग्राइंडर घेऊन पालथं पडावं लागतं.

धुरा

व्हील क्लॅम्पबद्दल. तो घ्याच, पण चाकाचे नट झाकणारा. नट उघडे असतील तर चाक क्लॅम्पसकट काढतात आणि दुसरं चढवतात. ते दुसरं चाक बहुतेकदा तुमच्याच ट्रेलरवर टांगलेलं असतं, म्हणून स्टेपनी काढून ठेवा किंवा तिला वेगळं कुलूप घाला. क्लॅम्पचा पाय डिस्कच्या भोकातून आत जायला हवा. नुसता टायरला आवळणारा क्लॅम्प हवा सोडली की निसटतो. तुमच्या डिस्कला भोकंच नसतील किंवा बारीक असतील तर तो बसणार नाही, घेण्याआधी मोजा.

फार दिवस ट्रेलर लागणार नसेल तर दोन्ही चाकं काढून तो स्टँडवर ठेवता येतो. स्टँड ॲक्सलखाली, स्प्रिंगच्या बैठकीजवळ लावा, ॲक्सलच्या मध्यावर नको. खडीवर स्टँड रुततो, खाली जाड फळी हवीच. हबवर, म्हणजे चाक जिथे बसतं त्या भागावर, प्लास्टिक बांधा. परत चाकं चढवल्यावर ५०-१०० किमीनंतर नट पुन्हा आवळायचे. हँडब्रेकचा ट्रेलर असणाऱ्यांनी तो ओढून महिनोन्महिने ठेवू नये, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. त्याऐवजी चाकांना ओट, म्हणजे अडवणारा ठोकळा, लावा.

आणि उभा करताना दांडा भिंतीकडे करा. बाहेर येण्याची वाट आधीच अडली तर उरलेल्या कुलपांवरचा भार कमी होतो.

पिंग

जीपीएस शेवटी घ्या, कारण तो चोरी थांबवत नाही, गेलेला माल शोधतो. गाडीच्या विजेवर चालणारं यंत्र इथे कामाचं नाही, दांडा सुटला की वीज गेली. स्वतःच्या बॅटरीवर चालणारं, एरवी झोपलेलं आणि हालचालीने जागं होणारं घ्या. उभं असताना दिवसातून एकदा खबर आणि हलल्यावर दर दोन-तीन मिनिटांनी, अशी मांडणी ठेवली तर बॅटरी टिकते. २जी नेटवर्क अनेक देशांत बंद झालंय, तेव्हा यंत्र ४जीवर चालणारं आहे का ते बघा. सिमची मुदत संपणं हे यंत्र गप्प पडण्याचं सगळ्यात साधं कारण आहे.

बंद लोखंडी पेटीत ते ठेवू नका, सिग्नल निघत नाही. फळ्यांच्या तळाखाली किंवा मागच्या दिव्याच्या प्लास्टिक आवरणात चालतं. इशाऱ्याचा घेरा, म्हणजे ट्रेलर किती सरकल्यावर फोनवर इशारा यावा ते अंतर, १०० मीटरच्या खाली नेऊ नका. उभ्या वस्तूचंही ठिकाण नकाशावर थोडं सरकत राहतं आणि मग रात्री खोटे इशारे येतात. ब्लूटूथचा स्वस्त टॅग जोडीला ठेवायला हरकत नाही, फक्त एक लक्षात ठेवा. अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनलाही जाते.

टो_बॉल

एक राहिलं. चेसिस नंबरची पट्टी रिव्हेटवर असेल तर ती सहज उखडते. ६ मिमीच्या अक्षर-ठशांनी तोच नंबर चेसिसवर आणखी दोन ठिकाणी ठोका, एक दिसेल असा आणि एक आडव्या पट्टीच्या आतल्या बाजूला. ठोकायचं चेसिसच्या चॅनेलच्या (इंग्रजी सी आकाराच्या लोखंडी पट्टीच्या) उभ्या बाजूच्या मध्यावर. वरच्या-खालच्या कडांना आणि दांड्याच्या मुळाशी ठोकू नका, तिथे ताण सर्वात जास्त असतो आणि ठशाच्या खाचेतून तडा सुरू होऊ शकतो. वर जस्ताचा रंग लावा. दोन्ही ठशांचे, वेल्डच्या खुणांचे आणि खरचटलेल्या जागांचे फोटो काढा आणि ते ट्रेलरच्या कागदांबरोबर घरात ठेवा.