मध्ययुग जगून बघणारं विद्यार्थी मंडळ: खान्देशात हवं की नको?

तापीकाठ: जळगावात एमए इतिहासाचे आम्ही आठ जण असं मंडळ काढतोय. अमेरिकेत बर्कलीला १९६६ साली एका घराच्या परसात काही तरुणांनी मध्ययुगीन सोहळा भरवला, त्यातून मोठी संस्था उभी राहिली. तिथे कॉलेजांतही गट आहेत. ते चिलखत घालून वेताच्या तलवारींनी लढतात. आम्हाला लढाई नको, रोजचं जगणं हवंय. महिन्यातून एक दिवस खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांच्या काळातला, साधारण पंधराव्या शतकातला.

गेल्या रविवारी शेतात भरीत केलं. मिरची, शेंगदाणे, टोमॅटो काहीच नाही, कारण हे सगळं पोर्तुगीज आल्यानंतरचं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, तिळाचं तेल, लसूण, मिरी. पहिला घास घेतला आणि सगळे गप्प. तिखट लागतं, पण जिभेला नाही, घशाखाली उतरताना. वाचून हे कळलं नसतं. तुमचं मत सांगा.

गिरणाकाठची: माझा विरोध आहे. माझी आजी पहाटे तीनला उठून दळायची. तिच्या तळहातावरचे घट्टे मी हात लावून पाहिलेत. ते जगणं आमच्या घरातून गेलं तेव्हा कुणाला हळहळ वाटली नाही. तुम्ही वांगी भाजलीत, पण पाणी कुणी आणलं? त्या काळच्या पाणवठ्यावर कोण आधी भरणार आणि कोण लांब उभं राहणार, हेही त्या दिवशी पाळणार का? पाळलंत तर माझ्यासारख्यांचा अपमान, आणि वगळलंत तर ते मध्ययुगच नाही.

पाटणवाला: ताई, तुमचा प्रश्न खरा आहे, पण तेवढ्यासाठी मंडळ बंद करू नये. मी चाळीसगावचा. आमच्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे त्याचा, आणि त्यातला काही मजकूर मराठीत आहे. बाजारातल्या कराचा वाटा मठाला, तेलाच्या घाण्यामागे तेल मठाला, असं त्यात नेमून दिलंय. गणित शिकणाऱ्या पोरांच्या दिव्यात तेल कुठून येत होतं ते यावरून कळतं. तापीकाठ, तुमच्या काळाच्या जरा मागे जा आणि असा एक दिवस करा: पाटीवर धूळ पसरून बोटाने लीलावतीतली उदाहरणं सोडवायची, तीही दिव्याच्या उजेडात.

अहिरानी_भाऊ: दादा, तुम्हनं म्हननं खरं शे, पन थाळनेरला जाऊन या एकदा. फारुकींच्या कबरी तिथे तापीकाठी उभ्या आहेत. मागच्या पावसाळ्यात गेलो तर गुडघाभर गवत. दोनशे वर्षं ज्यांनी राज्य केलं त्यांचं नाव आमच्या पोरांना माहीत नाही. भरीत खाऊन ते कळणार नाही. आधी विळे घेऊन जा, रीतसर परवानगी काढा, गवत काढा. पोशाख शिवायला लागणारे पैसे मला तर वायाच वाटतात.

तापीकाठ: भाऊ, पोशाखाचा खर्च आम्ही धरलेलाच नाही. थाळनेरचं मनावर घेतो.

ताई, पाणी आमच्यातल्या दोघी मुलींनी आणलं. तुम्ही विचारेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पुढच्या वेळी दळण आणि पाणी चिठ्ठ्या टाकून.

गिरणाकाठची: चिठ्ठीने जातं वाटता येतं, जात नाही. माझी आजी काही चिठ्ठीत नाव निघालं म्हणून दळत नव्हती. करायचंच असेल तर ज्या बायका तसं जगल्या त्यांना आधी विचारा. आमच्या गल्लीत अजून तिघी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी जात्यावर काय काय सोसलं ते लिहून घ्या. मंडळाला माझा विरोध तरीही कायम आहे.

पाटणवाला: ओव्याही लिहून घ्या. जात्याबरोबर त्याही बंद झाल्या.

तापीकाठ: ताई, शनिवारी दुपारी आलो तर चालेल? आम्ही तिघंच येऊ, वही घेऊन.

गिरणाकाठची: दुपारी नको, त्या झोपतात. पाचनंतर या. आणि एकीला कमी ऐकू येतं, जवळ बसून बोला.